तिरळेपणा मोठ्यांनाही



डोळ्यांचा तिरळेपणा म्हणजे लहान मुलांचं दुखणं, असं आपण धरून चालतो.
तसं नाही.
शंभर मोठ्या माणसांत साधारण दोन ते चार जणांना तो असतो.

काहींचा लहानपणापासून राहिलेला.
‘तिरळा म्हणजे नशीबवान’ म्हणत घरच्यांनी सोडून दिलेला.
नशीब कसलं!

काहींना तो पुढे येतो.
मधुमेहामुळे, थायरॉइडमुळे, पक्षाघातामुळे, डोक्याला मार लागून.
मग बहुधा एकाचे दोन दिसतात.
जिना उतरताना पायऱ्या दुहेरी.
एक डोळा झाकला, की पायरी पुन्हा एकच.

पुन्हा सांगते, तिरळेपणा मोठ्यांनाही होतो.
मोठेपणीही उपचार होतात.
प्रिझमचा चष्मा, किंवा डोळ्याच्या स्नायूंची शस्त्रक्रिया.

अचानक एकाचे दोन दिसू लागले,
तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.