शेवट ठाऊक असलेली लढाई

ऐतिहासिक युद्धपट काढणाऱ्याची पहिली अडचण मोठी चमत्कारिक आहे. रहस्यपट काढणारा शेवट लपवून ठेवतो; याला ती सोय नाही. तानाजी पडणार आणि गड येणार, बाजीप्रभू खिंडीत देह ठेवणार आणि महाराज विशाळगडी पोहोचणार, हे तुम्हांला तिकीट काढण्यापूर्वीच काय, शाळेत नाव घालण्यापूर्वीच ठाऊक असते. तरीही काही चित्रपट तुम्ही श्वास रोखून पाहता आणि काहींत मध्यंतरालाच घड्याळ बघता. असे का व्हावे?

‘पैसा!’ असे कुणी चटकन म्हणेल. हत्ती-घोडे, तोफा आणि आता तर संगणकावर उभे केलेले सैन्य. पण जुना अनुभव निराळा आहे. १९२३ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. कथा हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीची. रात्रीचे प्रसंग रात्रीचेच वाटावेत म्हणून त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केले. त्यात शेलारमामाचे काम करणारे तरुण नट म्हणजे व्ही. शांताराम. पुढे १९३३ साली याच शांतारामांनी ‘प्रभात’तर्फे तोच विषय बोलपटात आणला. आणि २०२० साली ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ हिंदीत येऊन देशभर गाजला. एका रात्रीची लढाई शंभर वर्षे पुरून उरली, ती काय केवळ पैशाच्या बळावर?

माझ्या मते तिचे बळ कामगिरीच्या नेमकेपणात आहे. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, एक उभा कडा, मूठभर मावळे. प्रेक्षकाला हिशेब समजतो. तानाजी पडल्यावर लोक माघार घेऊ लागतात, तेव्हा सूर्याजी कड्याचे दोर कापतो, असे परंपरा सांगते. त्या घावाबरोबर परतीची वाट संपते. शेवट आपल्याला ठाऊक असतो. त्या क्षणी त्या माणसांना मात्र तो ठाऊक नसतो. चित्रपटाने आपल्याला त्यांच्या शेजारी नेऊन उभे केले, की आपणही तो विसरतो.

‘पावनखिंड’ पाहा. दिग्पाल लांजेकरांचा हा मराठी चित्रपट २०२२ साली आला आणि लोकांनी तो उचलून धरला. १३ जुलै १६६० चा तो प्रसंग. तोफांचे आवाज येईपर्यंत खिंड धरायची, एवढेच काम. त्यामुळे पडद्यावरचा प्रत्येक घाव आपण त्या आवाजाची वाट पाहतच मोजतो.

उलट, २०१९ सालचा आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ घ्या. खर्च मोठा, नट नामांकित, तरी तिकीटबारीवर तो चालला नाही. पराभव पाहायला लोक येत नाहीत, असे म्हणावे तर २०२५ सालचा ‘छावा’ संभाजीराजांच्या छळाने आणि मृत्यूने संपतो. त्याला गर्दी लोटली. खरी अडचण अशी, की १४ जानेवारी १७६१ चा निकाल त्या एका दिवसाचा नव्हता. तुटलेली रसद, महिनोन्‌महिन्यांची उपासमार, न मिळालेले मित्र यांतून तो आला. ही कारणे तलवारीच्या खणखणाटात दाखवता येत नाहीत. भाकरीच्या हिशेबातून दाखवावी लागतात. ते काम कठीण, पण अशक्य खासच नव्हे.

दुसरी गोष्ट भूमीची. आपण वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावची माणसे. जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा आपल्याला मेहकरच्या पुढे लागते खरे. पण सह्याद्रीचा उभा कडा आपल्यापैकी कितीकांनी पाहिला असेल? सोयाबीन-तुरीच्या रानात वाढलेल्या पोराला कोंडाण्याची चढण तळहातांत जाणवली पाहिजे. खिंड किती अरुंद, शत्रू कोणत्या बाजूने येणार, हे आधी समजले नाही तर पुढची मारामारी म्हणजे नुसता धुरळा!

तिसरी गोष्ट शत्रूची. उदयभान राठोड हा शूर किल्लेदार होता. तो आणि तानाजी दोघेही तिथेच पडले. शत्रूला राक्षस किंवा विदूषक केले, की आपलाच वीर लहान होतो. ‘छावा’त अक्षय खन्ना यांचा औरंगजेब फार बोलत नाही, आणि म्हणूनच त्याची धास्ती वाटते.

आता जरा नाजूक मुद्दा. मी वर्गात शिकवतो तेव्हा मुलांच्या तोंडून पुष्कळदा पडद्यावरचाच इतिहास ऐकतो. ‘तान्हाजी’तली ती अवाढव्य ‘नागीण’ तोफ त्यांना खरी वाटते. ती कल्पित आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांतला कोंडाणा परत घ्यायचा होता. माणसांनी जिवावर उदार व्हावे, एवढे हे कारण पुरेसे नव्हते काय? त्यावर तोफ चढवली, की त्या मावळ्यांचा निर्णय दुबळा होतो. तानाजी घरून निघताना काय बोलला, हे कागदांत नसेल तर लेखकाने ते जरूर रचावे. तेवढी मोकळीक कलेला हवीच. पण माणसे कशासाठी लढली, हे मात्र बदलू नये. मुले पाठ्यपुस्तक विसरतील, चित्रपट विसरणार नाहीत.

तेव्हा पुढचा ऐतिहासिक चित्रपट पाहून बाहेर पडाल, तेव्हा बरोबरच्या मुलाला एवढेच विचारा: ‘त्या माणसाला परत फिरता आले असते का? मग तो का फिरला नाही?’ मुलाला उत्तर देता आले, तर चित्रपट जमला म्हणायचा. नाही देता आले, तर घरी जाऊन त्याच्यासंगे सभासदाची बखर उघडा. तिची भाषा जुनी आहे, पण दोघे मिळून वाचू लागलात तर अडायचे नाही.