चहाचे मळे, सरकारी अफू आणि रंगभूमी

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



चहा आणि अफू म्हटले की चीनवर लादलेली युद्धे आठवतात. चिनी चहाचे मोल चांदीत मोजावे लागू नये म्हणून कंपनी सरकारने बिहारच्या शेतकऱ्याला अफू पिकवायला लावली. माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातून गेली. पण आज मला आसामविषयी बोलायचे आहे. तेथे या दोन्ही पदार्थांचा जाब रंगमंचावरून विचारला गेला.

मणिराम दिवाण हे १८३९ पासून आसाम कंपनीचे दिवाण. चहाचे तंत्र आत्मसात करून ते नोकरीतून बाहेर पडले आणि जोरहाटजवळ सिनामारा येथे त्यांनी स्वतःचा मळा उभारला. हे पहिले भारतीय चहा-उत्पादक! १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात अहोम राजवंशाच्या पुनःस्थापनेचा कट केल्याच्या आरोपावरून २६ फेब्रुवारी १८५८ रोजी त्यांना फाशी झाली. मळे लिलावात इंग्रजाच्या हाती गेले. लोकांनी मात्र त्यांची गीते रचली, आणि १८४८ नव्हे, स्वतंत्र भारतात, १९४८ मध्ये प्रवीण फुकन यांनी त्यांच्यावर नाटक लिहिले.

१८६० मध्ये सरकारने आसामात अफूची लागवड बंद केली. केवढे हे सदाचारी सरकार! विक्री मात्र चालूच राहिली. व्यसनी माणसाने आता सरकारी अफू सरकारी दराने घ्यायची. ऑक्टोबर १८६१ मध्ये फुलगुरीचे शेतकरी खवळून उठले, त्यात लेफ्टनंट सिंगर मारला गेला आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले.

त्याच वर्षी हेमचंद्र बरुआ यांचे ‘कानीयार कीर्तन’ हे नाटक आले. ‘कानी’ म्हणजे अफू. नामघरात देवाचे व्हावे ते कीर्तन येथे अफूबाजाचे! सधन घरातील तरुण व्यसनापायी सर्वस्व घालवतो, ही त्याची कथा. धर्माच्या गादीवर बसून अफू घेणाऱ्यांनाही बरुआंनी सोडले नाही. परकीयांवर बोट रोखताना घरातील दोष झाकायचा नाही, ही निर्भयता आपल्या अंगी अजून पुरती बाणलेली नाही, हे येथे स्पष्ट बोलले पाहिजे.

मळ्यांवर छोटानागपूरचे वनवासी आणले गेले. पळालेल्या मजुराला वॉरंटाशिवाय धरण्याचा अधिकार १८६५ च्या कायद्याने मळेवाल्याला दिला. १८७५ मध्ये दक्षिणाचरण चट्टोपाध्याय यांनी ‘चाकर दर्पण’ हे बंगाली नाटक लिहिले. येथे ‘चाकर’ म्हणजे नोकर नव्हे. ‘चा-कर’, चहामळ्याचा गोरा मालक. पुढच्याच वर्षी नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा आला. तात्कालिक निमित्त कलकत्त्यातील एका प्रहसनाचे होते. पण विधेयक मांडताना आर्थर हॉबहाउस यांनी दाखला दिला तो ‘चाकर दर्पण’चा. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली, तेव्हा मराठी रंगभूमीलाही राज्यकर्त्यांची हीच भीती अनुभवास आली.

स्वातंत्र्यानंतरही हा कायदा पुस्तकात राहिला. तो रद्द झाला २०१८ मध्ये. आता त्या कायद्याचा अडसर उरलेला नाही. आपल्या एखाद्या हौशी नाट्यमंडळाने ‘कानीयार कीर्तन’ मराठीत आणावे. संहितेसाठी धावपळ करायला मी तयार आहे.