हवेचा प्रश्न, बसचा प्रश्न, घराचा प्रश्न

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



या शिबिराच्या विषयांची यादी गटांकडे गेली तेव्हा दोन-तीन ठिकाणांहून विचारणा झाली. मारहाण, पोटगी, राशनकार्ड, एवढं सगळं समोर असताना हवेवर सत्र कशाला? ते काम पर्यावरणवाले करतातच की. प्रश्न रास्त आहे, त्यामुळे मी आज त्यालाच उत्तर देणार आहे. उदाहरणं मुंबईची देते, कारण माझं काम तिथलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की शहरातली हवा सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. रस्ते कुणासाठी बांधले आणि घरं कुणाला कुठे दिली, यावर कुणी कसला श्वास घ्यायचा हे ठरतं. हे ठरवणाऱ्यांच्या हिशेबात बाई फार कमी वेळा असते. म्हणून हा विषय आपल्या यादीत हवा.

आधी थोडं शास्त्र. वर्तमानपत्रात पीएम २.५ असं येतं, ते म्हणजे हवेत तरंगणारे अगदी बारीक कण, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. आपला केस त्यांच्या वीस-तीस पट जाड असतो. नाक आणि घसा त्यांना पुरतं अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात, काही रक्तातही उतरतात. दमा, हृदयविकार, कमी वजनाची बाळं यांच्याशी त्यांचा संबंध आहे. आपल्या देशात वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ सांगितली. म्हणजे सरकारी कागदावर जी हवा 'ठीक', तीही आरोग्याच्या हिशेबाने ठीक असेलच असं नाही. हे कण आणि गाड्यांच्या धुरातले वायू रस्त्याच्या अगदी कडेला जास्त असतात, आत गेलं की कमी होतात. आता रस्त्याच्या कडेला कोण असतं ते आठवा. भाजीवाली, फुलवाली, बसची वाट पाहणारी, मुलाला शाळेत पोचवणारी आणि पहाटे खराटा घेऊन धूळ उडवणारी सफाई कामगार.

घरातल्या धुराबद्दल आपण पूर्वीपासून बोलतो. १९८० च्या दशकात बिनधुराच्या चुलीचा कार्यक्रम आला, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. चुलीचा धूर बाईचा, हे सरकारला पटलं. उंबऱ्याबाहेरचा धूर मात्र अजून मोटारींचा आणि कारखान्यांचा, म्हणजे तज्ज्ञांचा विषय समजला जातो.

आता मोजणीचं बघू. लोक कामावर कसे जातात हे आपल्या जनगणनेने २०११ साली विचारलं. पण विचारलं कुणाला? शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना, आणि तेही फक्त कामावर जाण्यायेण्याबद्दल. मग राशनच्या दुकानाची फेरी, बालवाडीची फेरी, सासूला दवाखान्यात नेणं, पाण्याची फेरी, यातलं काहीही 'प्रवास' म्हणून कागदावर आलं नाही. पुरुषाचा प्रवास बहुधा सरळ असतो, सकाळी जाणं आणि संध्याकाळी येणं. बाईचा तुकड्यातुकड्यांचा असतो. मुलाला सोडलं, तिथून एका कामाच्या घरी, तिथून दुसऱ्या, येताना भाजी, मग पुन्हा शाळा. हा सगळा प्रवास पायी किंवा बसने होतो. रस्त्यांच्या आराखड्यासाठी चौकात माणूस उभा करून वाहनं मोजली, तर चालणारी ही बाई त्या चौकातून दिवसात सहा वेळा जाऊनही शून्य धरली जाते. मग वाहनांसाठी पूल होतो आणि तिला रस्ता ओलांडायला जिने चढून जायला सांगतात.

पूल झाला की गाड्या सुरळीत चालतील, धूर कमी होईल, असं सांगितलं जातं. काही महिने होतोही. मग रस्ता मोकळा दिसतो म्हणून आणखी गाड्या येतात. मुंबईचा सागरी किनारा रस्ता २०२४ मध्ये वाहतुकीला खुला होऊ लागला. खर्च चौदा हजार कोटींच्या घरात. त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे. बस जाते, पण तो रस्ता बससाठी बांधलेला नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि बसचं काय झालं? बेस्टच्या ताफ्यात २०१० च्या सुमाराला चार हजारांहून जास्त गाड्या होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्या आत आल्या आणि त्यातल्या बहुतेक कंत्राटदारांच्या. २०१९ च्या जुलैमध्ये किमान भाडं पाच रुपयांवर आणलं होतं, तेव्हा प्रवासी परत येताना दिसले. मे २०२५ मध्ये साध्या बसचं किमान भाडं दहा आणि वातानुकूलित बसचं बारा रुपये झालं, म्हणजे एका फटक्यात दुप्पट. पुण्यात पीएमपीएमएलनेही जून २०२५ पासून भाडं वाढवलं, महिन्याचा पास नऊशेवरून पंधराशेवर गेला. धुणीभांडी करणाऱ्या बाईने पंधराशे रुपये एकदम कुठून आणायचे?

बस ही हवेसाठी सगळ्यात स्वस्त उपाययोजना आहे. पन्नास माणसं एका गाडीत बसली की रस्त्यावरच्या वीस-तीस मोटारी कमी होतात, इतका हा सोपा हिशेब. विजेवरच्या बस येताहेत, त्यांचं स्वागत करू, कारण थांब्यावर उभं राहिलं की फरक कळतो. पण नुसतं इंधन बदलून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिल्लीसाठी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. बस सीएनजीवर आणा, आणि २००१ पर्यंत बसची संख्या दहा हजार करा. सीएनजीची गोष्ट झाली, तिचं कौतुकही झालं. दहा हजार बस त्या मुदतीत आल्या नाहीत. मोटारी मात्र वाढत गेल्या.

दिल्लीने २०१९ पासून, कर्नाटक आणि तेलंगणाने २०२३ पासून बायकांना बसप्रवास मोफत केला. आपल्याकडे मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं भाडं आहे. 'फुकट कशाला, सवय बिघडते' असं म्हणणाऱ्यांना एक विचारा. रस्त्याच्या कडेला मोटारी फुकट उभ्या राहतात, त्या सवयीचं काय? आपल्या काही मुली स्कूटी घेतात, रात्री रिक्षा करतात. त्यांना बोल लावू नका. अंधारा थांबा आणि पाऊण तास न येणारी बस असेल तर मी तरी काय वेगळं करणार?

आता घरांकडे येते. हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि हवेच्या चर्चेत तो सहसा येतच नाही.

मुंबईत रेल्वेमार्ग वाढवायला आणि रस्ते रुंद करायला मुंबई नागरी परिवहन प्रकल्प हाती घेतला गेला, जागतिक बँकेच्या कर्जातून, २००२ पासून. वाहतूक सुधारायची म्हणून सुमारे एक लाख माणसं हलवली गेली. त्यांतली बरीच गोवंडी-मानखुर्दकडे. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड ही नावं तुमच्यातल्या अनेकींना माहीत आहेत. २२५ चौरस फुटांची खोली, सात-आठ मजल्यांच्या इमारती आणि दोन इमारतींमध्ये कसंबसं तीन मीटर अंतर. विस्थापितांच्या घरांसाठी बांधकामाचे नेहमीचे नियम शिथिल केले गेले, म्हणून एवढं जवळ बांधता आलं. खालच्या मजल्यावर दिवसाही दिवा लावावा लागतो. खिडकी उघडली तर समोरचीची खिडकी आणि मधल्या बोळात कचरा, म्हणून खिडकी बंदच. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने या दोन वसाहतींची मानखुर्दच्याच पीएमजीपी वसाहतीशी तुलना केली, तो अहवाल २०१८ मध्ये आला. जिथे इमारतींमध्ये अंतर ठेवलेलं आहे तिथे क्षयरोग कमी आढळला. या दोन वसाहतींत तो कितीतरी जास्त, त्यातही खालच्या मजल्यांवर. ऊन आणि वारा नसलेल्या खोलीत दिवसाचे वीस तास कोण असतं, हे मी वेगळं सांगायला नको. सून, म्हातारी आणि तान्हं मूल. त्यात शेजारी देवनारचा कचरा डेपो. तिथला कचरा २०१६ च्या जानेवारीत पेटला तेव्हा सगळ्या शहराला धूर दिसला. वस्तीला तो त्याआधीही दिसत होता.

दुसरं उदाहरण माहुलचं. चेंबूरजवळचं हे कोळ्यांचं जुनं गाव. १९५० च्या दशकापासून तेलशुद्धीकरण कारखाने त्याच्या शेजारी आले, मग रसायनांच्या टाक्या आल्या. तिथल्या रहिवाशांच्या तक्रारीवर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला. केईएम रुग्णालयाची आरोग्य पाहणी समोर होती, आणि हवेमुळे लोकांच्या तब्येतीला धोका आहे हे लवादाने मान्य केलं. एवढं लिहून ठेवलेलं असताना, २०१७ पासून तानसा जलवाहिनीच्या काठच्या वस्त्या उठवून हजारो कुटुंबं तिथेच पाठवली गेली. जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना दहा मीटर जागा मोकळी करायचा न्यायालयाचा आदेश होता, पाण्याच्या सुरक्षेसाठी. ते समजू शकतं. पण मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे महापालिकेने काय आखलं? ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग. प्रदूषण नसलेली वाहतूक म्हणून! सायकलीला माझा विरोध नाही. पण विद्याविहारच्या बाईला कारखान्याच्या कुंपणाशी नेऊन बसवायचं आणि तिच्या घराच्या जागी शुद्ध हवेचा मार्ग काढायचा, याला नियोजन म्हणायचं असेल तर ते कुणाच्या फुप्फुसांसाठी हे विचारलंच पाहिजे.

माहुलमध्ये मी त्या काळात बऱ्याच वेळा गेले. जिने उतरून बाया सांगायच्या ते दोन गोष्टींचं असायचं. अंगावर पुरळ, खोकला, सतत डोकं दुखणं ही एक. आणि दुसरी, कामं गेली. आधी ज्या घरांत धुणीभांडी करायच्या ती चालत दहा-पंधरा मिनिटांवर होती. माहुलहून बस, मग लोकल, मग पुन्हा चालणं. तीन घरांची पगाराची रक्कम आणि येण्याजाण्याचा खर्च यांचा मेळ बसेना. हवा आणि वाहतूक या दोन वेगळ्या फायली आहेत असं मंत्रालयात वाटत असेल. त्या बायांच्या बोलण्यात त्या एकाच वाक्यात यायच्या.

याच बाया ऑक्टोबर २०१८ पासून विद्याविहारला, तुटलेल्या घरांच्या शेजारी फुटपाथवर बसल्या. 'घर बचाओ घर बनाओ' आंदोलनाची साथ होती. पावसात, बाळांसकट बसल्या. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, की या कुटुंबांना महिना पंधरा हजार भाडं आणि पंचेचाळीस हजार अनामत द्या. सप्टेंबरमध्ये आणखी स्पष्ट म्हटलं, की कुणालाही तिथे सक्तीने पाठवू नका. काहींना मग दुसरीकडे घरं मिळाली, सगळ्यांना नाही. २०२५ मध्ये महापालिकेने माहुलमधली रिकामी राहिलेली नऊ हजारांवर घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. प्रतिसाद फारसा आला नाही. का, ते कर्मचाऱ्यांनाच विचारा.

मग स्वच्छ हवेच्या नावाने पैसा जातो कुठे? केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०२४ मध्ये हिशेब मांडला तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश पैसा रस्त्यावरची धूळ कमी करण्यावर खर्च झालेला दिसला. झाडू मारणारी यंत्रं, पाण्याचे फवारे. वाहनांवर खर्च त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं आणि पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांचं काय करायचं याच्या अभ्यासाला समिती नेमायला सांगितली. भट्टीला मुदत आणि मोटारीला समिती. पावाच्या भट्टीचा धूर वाईटच, पण हा फरक लक्षात ठेवा.

तर आपण काय करायचं? आपल्याला हे जमतं, याचा दाखला आहे. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या वेळी महिला गट आणि वस्ती संघटनांनी नेटाने पाठपुरावा केला, २०१५ मध्ये पहिला मसुदा मागे घ्यावा लागला, आणि पुढच्या आराखड्यात पाळणाघर, कौशल्यवर्ग यांसाठी 'आधार केंद्र' असं आरक्षण आलं. कागदावरचं किती प्रत्यक्षात आलं हा पुढचा भांडणाचा विषय. पण मागितल्याशिवाय कागदावरही येत नाही.

आराखडा तुमच्या गावात, नगरपालिकेतही होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा आहे. त्याखाली आराखडा करताना किंवा त्यात बदल करताना हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. ती जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, तेव्हा गटातल्या एकीने ते काम अंगावर घ्यावं. आपल्या मागण्या साध्या असू द्या. चालता येईल असा फुटपाथ, ज्याच्यावर भाजीवालीलाही जागा असेल. रात्री दिवा असलेला थांबा. सकाळी अकरा ते चारच्या मधल्या वेळेतही बस, कारण आपल्या फेऱ्या त्याच वेळच्या. पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये इतरांच्या इमारतींइतकंच अंतर. आणि कामाच्या जागेपासून तोडून कुणाला न हलवणं.

मागणीला आधार लागतो, आणि आपल्या फेऱ्या कुणी मोजलेल्या नाहीत. म्हणून मी एक कागद करून आणला आहे. सात दिवस, प्रत्येक फेरी, कुठून कुठे, कशाने, किती वेळ, किती पैसे, सोबत कोण. लिहिता न येणाऱ्या मावशींसाठी पायाचं, बसचं, रिक्षाचं चित्र आहे, खूण केली की झालं. प्रत्येक गटाने निदान वीस बायांचा आठवडा भरून आणावा, पुढच्या बैठकीत आपण ते एकत्र करू. गठ्ठे मागच्या टेबलावर ठेवलेत. जेवायला उठाल तेव्हा प्रत्येक गटातल्या दोघींनी मोजून घ्या आणि वहीत गटाचं नाव लिहा.