ओस वास्तूतील अनोळखी यंत्र

ओस पडलेल्या वास्तूत एखादे चमत्कारिक यंत्र आढळले, म्हणजे ते फोडून पाहण्याचा मोह मनुष्यास अनावर होतो. परंतु वस्तूची ओळख हातोड्याने पटत नसते. ब्राझील देशातील गोयानिया नगराने ही गोष्ट फार मोठे मोल देऊन जगास शिकविली.

तेथील किरणोपचाराचे एक चिकित्सालय १९८५ साली अन्यत्र गेले. कर्करोगावरील जुने यंत्र मात्र पडक्या इमारतीतच राहिले. १९८७ च्या सप्टेंबरात दोघांनी त्याचा जड भाग भंगारासाठी काढून नेला व आतील कुपीस भोक पाडले. भंगारवाल्याच्या घरी तीतील चूर्ण रात्री निळसर चमकू लागले, तेव्हा आप्तेष्टांनी ते कौतुकाने वाटून घेतले. कोणी अंगासही चोळले. ते सीझियम-१३७ होते! घरची माणसे आजारी पडू लागताच भंगारवाल्याच्या पत्नीस संशय आला व ती वस्तू तिने आरोग्यखात्याकडे पोहोचविली. दुसऱ्या दिवशी एका पदार्थविज्ञानवेत्त्याने मापकयंत्राच्या साहाय्याने तिचे खरे स्वरूप ओळखले. तोवर विलंब झाला होता. सहा वर्षांच्या एका बालिकेसह चौघे दगावले. २४९ जणांस त्या द्रव्याची बाधा झाली.

म्हणून अनोळखी यंत्र दिसल्यास दूर राहावे आणि जाणत्यास कळवावे. त्याहूनही मोठे कर्तव्य मात्र ते यंत्र मागे टाकून जाणाऱ्याचे आहे; कारण सापडणाऱ्यास ज्याचे नाव ठाऊक नसते, ते टाकणाऱ्यास पुरते ठाऊक असते.