सकाळच्या सुरामागची गोष्ट

बंगळूरच्या शिवाजीनगरात दिवस उजाडतो तो अजान आणि सेंट मेरी चर्चची घंटा यांच्या नादाने. परवा मात्र मी त्याआधीपासूनच जागा होतो. दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंच्या संहारावरची एक कादंबरी रात्रभर हातची सुटली नव्हती. छळछावणीत ताटातूट झालेले दोन प्रेमी जीव शेवटच्या पानावर पुन्हा भेटतात. डोळे पुसून पुस्तक मिटले, सवयीने रेडिओ लावला. आणि तंबोऱ्याच्या साथीने व्हायोलिनची ती ओळखीची धून उमटली.

श्रोतेहो, ही धून ज्यांच्या नावे सांगितली जाते ते वॉल्टर कॉफमन स्वतः ज्यू निर्वासित होते. १९०७ साली कार्ल्सबाड येथे जन्मलेला हा संगीतकार, हिटलरच्या हाती सत्ता आल्यावर वर्षभराने, १९३४ मध्ये मुंबईस आला. आपले संगीत त्यांना प्रथम परके वाटले. पण त्यांनी चिकाटीने त्याचा अभ्यास केला आणि १९४६ पर्यंत ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रात सेवा केली.

त्यांच्या पत्नी गेर्टी या सुप्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्का यांच्या भाची. गेर्टी वाचल्या. त्यांची आई एली आणि मावशी वाली यांना १९४१ मध्ये पोलंडमधील लॉज शहरी, ज्यूंना डांबून ठेवलेल्या वस्तीत नेण्यात आले. तेथून त्या परतल्या नाहीत. धाकटी मावशी ओटला हिचा पती ज्यू नव्हता. तो विवाह टिकता, तर कदाचित तिला संरक्षण मिळते; पण घटस्फोट झाला आणि ती टेरेझिनच्या छावणीत गेली. १९४३ च्या ऑक्टोबरात तेथून मुलांची एक तुकडी निघाली. तिच्यासोबत जाण्यास ओटला आपण होऊन पुढे झाली. गाडी आउशवित्झला पोहोचली. तेथे मुलांसह तीही मारली गेली.

कादंबरी आपल्याला सांगते, प्रेम होते म्हणून ती दोघे तरली. हे वाचून धीर येतो, यात शंका नाही. पण मग ओटलाचे प्रेम काय उणे होते? कॉफमन वाचले, कारण त्यांना वेळीच मुंबईचे दार उघडे मिळाले. तसे दार लाखोंना मिळाले नाही. वाचणे हे प्रेमाचे बक्षीस मानले, तर न वाचलेल्यांवर आपण नकळत अन्याय करतो.

अशा कादंबऱ्या अवश्य वाचाव्यात. मात्र नायक-नायिकेची भेट झाली म्हणून पुस्तक लगेच मिटू नये. त्या मुलांचा हात धरून गाडीत चढलेल्या बाईसाठी क्षणभर थांबावे. उद्या ती धून कानी पडेल, तेव्हा मी तेवढे करीन.