रथ जपला, सुतार जपला का?

श्रोतेहो, खानदेश हा रथांचा मुलूख आहे हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला जळगावचा श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो, पिंपराळ्याचा आषाढीला, अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेतला वैशाखात. धुळे, शिरपूर, पारोळ्याचे बालाजीचे रथ आहेतच. दोराला हात लागावा म्हणून रेटारेटी होते आणि तसेच व्हायला हवे. पण रथ ओढणारे वाढत असताना रथ घडवणारे कुठे आहेत, हे कुणी विचारत नाही. राष्ट्राचा वारसा म्हटला की आपण वस्तूंची यादी करतो. माझे म्हणणे असे की ती वस्तू पुन्हा घडवता येण्याची विद्या हाच खरा वारसा, आणि ती हातांतच राहते.

दायमाबादचे उदाहरण पाहा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रवरेकाठच्या या गावात १९७४ साली जमीन उकरताना चार ओतीव शिल्पे निघाली : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. रथ सुमारे ४५ सेंटीमीटर लांब, त्यावर उभा सारथी आणि दांडीवर चक्क एक कुत्रे. चारही शिल्पांचे वजन मिळून ६० किलोंहून अधिक. काळाविषयी वाद आहेत, तरी पुष्कळ अभ्यासक ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. तिथल्या सर्वांत खालच्या थरातली खापरे ज्या सावळदा संस्कृतीची, तिचे नाव आपल्या तापीकाठच्या गावावरून पडले आहे. तेव्हा हे परके घर नव्हे. दुसरे उदाहरण बुऱ्हाणपूरचे, जी एके काळी खानदेशची राजधानी होती. तिच्याजवळच्या फोफनारला १९६४ साली बुद्धाच्या सात धातुमूर्ती सापडल्या. म्हणजे वस्तू टिकल्या. विद्या मात्र तुटली. दायमाबादचा तो रथ पूजेसाठी ओतला की मिरवायला, हे आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही, कारण सांगणारा ओतारी उरला नाही. मेणाच्या पद्धतीने मूर्ती ओतली की मेण वितळून जाते आणि मूर्ती काढताना साचा फोडावा लागतो. पुढची मूर्ती होते ती ओताऱ्याला ठाऊक असलेल्या गोष्टीतून.

विद्या विरजणासारखी असते. कालच्या दह्यातला चमचाभर आजच्या दुधाला लागतो. दही कसे लावावे हे वहीत लिहून ठेवल्याने दही लागत नाही, आणि विरजण काचेच्या कपाटात ठेवले तर नासते. घरातले संपले तर शेजारून आणता येते, पण आळीतले सगळ्यांचेच संपले तर? आपल्या गावांत सुतारकीचे तसे होत आले आहे. रबरी चाकांची डनलॉपची गाडी आली, लाकडी चाक गेले. सिमेंटची घरे आली, नक्षीचे खांब आणि गणेशपट्टीच्या चौकटी गेल्या. रोजचे दूध बंद झाल्यावर विरजण कशात लावायचे? उलट रथाला मोगरी लावणाऱ्यांकडे पाहा. धावत्या चाकाखाली लाकडाची मोगरी सारून एवढा रथ वळवायचा आणि थोपवायचा, हे जोखमीचे काम. ते दरवर्षी करावेच लागते, म्हणून थोरल्याकडून धाकट्याकडे जाते. वापरात राहिलेली विद्या जगते, एवढेच मी पुन्हा पुन्हा सांगतो आहे.

कुणी म्हणेल, आता यंत्राने हवी तशी नक्षी कोरून मिळते. मिळते, आणि नवे दार करायला ती चालेलही. पण जुन्या रथाची एक तुळई बदलताना लाकडाची रेषा कुठे धावते, भार कुठे येतो, जुना सांधा किती झिजला आहे, हे हातानेच कळते. दुसरा आक्षेप असा की हे गावचे उत्सव, यात राष्ट्र कुठून आले? त्याला उत्तर आपल्याच जळगाव जिल्ह्यात आहे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. गांधीजींनी सजावटीला बंगालहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले. त्यांनी बांबू, लाकूड असे आसपास मिळणारेच सामान वापरले, आणि अध्यक्ष नेहरूंची मिरवणूक निघाली ती बैल जोडलेल्या रथातून. देशाला आपला चेहरा दाखवायचा होता तेव्हा तो इथल्या सामानातून घडला. अधिवेशनासाठी उभारलेले ते तिलकनगर पुढे मोडले, यात काही बिघडले नाही. तसे पुन्हा उभारणारे हात कमी झाले, ते मात्र बिघडले.

म्हणून शेवटी एकच विनंती करतो. रथाची समिती असलेल्या प्रत्येक गावाने दुरुस्तीच्या वेळी जाणत्या सुताराच्या हाताखाली दोन तरुण ठेवावेत आणि त्यांची मजुरी उत्सवाच्या वर्गणीतून द्यावी. फुलांवर आणि रोषणाईवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग त्याला पुरेल. आणि श्रोतेहो, येत्या एकादशीला दोराला हात लावाल तेव्हा या रथाचे काम कोण करते, त्याचे नाव समितीला जरूर विचारा.