कातळावरचा हत्ती



राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे. त्याच्या पोटात लहानमोठे कितीतरी प्राणी आहेत. इतर सड्यांवर गेंडाही आढळतो. आज तो कोकणात औषधालाही नाही. कोणी ही चित्रे पांडवांची म्हणतात, कोणी फूल वाहतात, कोणी वरून गुरे नेतात. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत त्यांतली काही ठिकाणे आली. पण चिरेखाण सुरू झाली की चित्र चिऱ्यांबरोबर जाते. आपली रांगोळी पुसली तर उद्या पुन्हा काढता येते, ही नाही. सडे आपल्या गुहागरकडेही आहेत. म्हणून घरी सांगा, खाण घालण्याआधी गवत काढून कातळ नीट बघा.